क्लच सोडताना

माझ्याकडे दोन गाड्या. दोन्ही पांढऱ्या,
दोन्हींच्या काचेवर लाल एल.
सिडकोतल्या लोकांना त्या सारख्याच दिसतात.
मला घरात बसून कळतं कुठली आली:
एक त्रिमूर्ती चौकापासून खोकत येते,
दुसरी दारात उभी राहिल्यावरच समजते.

फोनवर विचारतात, मास्तर, पेट्रोल चांगली की डिझेल?
मी विचारतो, शिकणारं माणूस कसं आहे?

घाबरट असेल तर डिझेल.
अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता,
नुसत्या क्लचवर ती सरकत राहते,
पंगतीतून भाताचं घमेलं घेऊन
वाढपी सरकतो तशी.

आगाऊ असेल तर पेट्रोल.
क्लच जरा लवकर सोडला की जागच्या जागी बंद.
मागून हॉर्न, कान लाल,
अर्ध्या तासात पोरगं माणसात येतं.

नांदुरीच्या घाटात दोघींना नेलंय,
पाच-पाच माणसं आणि नारळांचं पोतं घालून.
डिझेल दोन हजारांच्या आतच जोर काढते,
टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकते.
पेट्रोलकडे चार हजार मागावे लागतात.
वळणावर ती पहिला गिअर मागते, ओरडते,
पण वर येते. ओरडून का होईना, येते.
महिन्याच्या खर्चाची वही माझी बायको ठेवते,
तिला विचाराल तर उत्तर वेगळं मिळेल.

इंदुमती पगार आल्या त्या जानेवारीत.
वय एकसष्ट, नोट प्रेसमधून निवृत्त.
पर्स पोटाशी धरलेली. मी पर्स बघितली
आणि डिझेलची किल्ली काढली.

थंडी अशी, की डॅशबोर्डवरची पिवळी वेटोळी
विझायला वेळ घ्यायची.
पोरं थांबत नाहीत, खटकन चावी फिरवतात.
बाई थांबायच्या. हात मांडीवर ठेवून,
बंडल मोजून झाल्यावर
सहीची वाट बघत बसावं तशा.

बावीस दिवस. पाथर्डी फाटा, अंबड, उड्डाणपुलाखालचा सिग्नल.
गाडी एकदाही बंद पडली नाही.
मी म्हणालो, बाई, तुम्ही तर शिकलातच.

टेस्टच्या आदल्या दिवशी डिझेलचा इंजेक्टर गेला.
अंबडचा हसन म्हणाला, चार दिवस लागतील.
मग पेट्रोल घेऊन गेलो पेठ रोडला.
ट्रॅकवरच्या चढाला ती बंद पडली.
पुन्हा. पुन्हा.
साहेबांनी मान वर न करता काहीतरी लिहिलं.

परत येताना रविवार कारंजापर्यंत बाई गप्प.
मग म्हणाल्या,
"मास्तर, तुमच्या त्या गाडीनं बावीस दिवस
मला सांगितलंच नाही हो, मी चुकतेय म्हणून."

मी आरसा नीट केला. तो नीटच होता.
अठरा वर्षं मी लोकांना सांगतोय,
डिझेल समजून घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या आल्या,
पेट्रोलच्याच दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.
आत बसून डाव्या पायातली चप्पल काढली.
मी म्हणालो, चप्पल घाला, नियम आहे.
त्या म्हणाल्या, चौतीस वर्षं
कागदाची जाडी बोटांनी ओळखलीय,
थोडं थांबा.

गाडी पाच वेळा मेली.
सहाव्या वेळी उघडा पाय वर आला, अगदी सावकाश,
मधेच एका जागी थबकला
(तिथं इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो,
मी कधी कुणाला सांगितलेलं नाही),
आणि गाडी निघाली.

माझ्या बाजूच्या ब्रेकवर माझा पाय नव्हता.
हे मला मायको सर्कलला कळलं.

खिशात फोन वाजत होता. असेल कुणी,
पेट्रोल की डिझेल विचारणारा.
डिझेल अजून अंबडलाच आहे.
हसन म्हणतो, पार्ट पुण्याहून यायचाय.